शोलापूर, एच घालून

एप्रिलमध्ये ग्रंथालयात दोनच जातीची माणसं येतात:
घरी पंखा नसलेली,
आणि प्रबंध अडकलेली.
श्रीलता येमूल दोन्हींत मोडते.

बाहेर त्रेचाळीस. आत संगणक तीन,
त्यातला एक माझ्यासारखा, निवृत्तीला आलेला.
ती त्याच्यापुढे बसते आणि टाइप करते
रंग, पाणी, सोलापूर.
आठ लाख निकाल.
पहिल्याच पानावर टॉवेल, डझनाच्या भावात.

म्हटलं, पोरी, हा बाजार झाला.
शोधनिबंध राहतात त्या दारानं जा.
शब्दांना अवतरणचिन्हांत धर, जोडीनं,
नाहीतर गड्ड्यावरच्या पोरांसारखे
हात सोडून पांगतात.
मध्ये अँड टाक. शेवटी नॉट, आणि टॉवेल.
आठ लाखांचे झाले एकेचाळीस.
त्यातले आपल्या गावचे चार.

चारही तिनं छापून घेतले, पानाला दोन रुपये.
चौघांतही तेच वाक्य, शब्दाला शब्द:
इथल्या विहिरींच्या पाण्यात लाल रंग टिकत नाही.
आणि पुढे कंसात: देशमाने, १९५८.
सर, हा देशमाने ह्यांनी वाचलाय?
मी चष्मा पुसला.
चौथ्यानं तिसऱ्याचा वाचलाय, म्हटलं,
तिसऱ्यानं दुसऱ्याचा. पहिल्याचं माहीत नाही.

दोन दिवस देशमाने सापडेना.
तिसऱ्या दिवशी फाटक्या पुस्तकांची नोंद करताना
जांभळ्या शिक्क्यावर माझं बोट थांबलं.
पस्तीस वर्षं हा शिक्का बघतोय,
वाचला मात्र आज.
पूर्वी इंग्रजीत गावाच्या नावात एक एच असायचा.
कधी गळला, कुणी हिशेब ठेवला नाही.
मी इथूनच ओरडलो: एच घाल!
(शांतता राखा, ही पाटीही माझ्याच हातची.)

एक निकाल.
वाकडं स्कॅन, कोपऱ्यात कुणाचा तरी अंगठा.
पान एकशे बारा, तळापासून चौथी ओळ:
उन्हाळ्यात उपसलेल्या पाण्यात लाल रंग टिकत नाही.

उन्हाळ्यात उपसलेल्या.
दोनच शब्द.
साठ वर्षांच्या वाटेत कुठं सांडले कोण जाणे.
बाकी वाक्य सुखरूप पोचलं,
चार पदव्या घेऊन.

ती बराच वेळ काही बोलली नाही.
मग शेवटचं पान वाचून दाखवलं, आभाराचं:
साखर पेठेतले रंगारी नरसय्या
पाणी चाखून जे सांगत,
ते आम्ही नंतर मोजले.

सर, ह्यांना कुठं घालू?

संदर्भ सांभाळायच्या त्या सॉफ्टवेअरला चौकटी फार.
आडनाव हवं. वर्ष हवं. खंड, अंक, पान.
आमच्या घरी आडनाव आधी लावतात, ती म्हणाली,
तर ह्यानं मलाच उलटं केलंय,
यादीत मी श्रीलता, वाय.
तिनं ते तिसऱ्यांदा सुलटं केलं.
नरसय्याला आडनावच नाही.
चौकट लाल होते, पुढे जाऊ देत नाही.

तुझ्या नात्यातले असतील, मी उगाच म्हटलं.
हसली. साखर पेठेत दर तिसऱ्या दारात
एक नरसय्या होता, सर.
माझे आजोबाही नरसय्याच,
पण ते विडीच्या कारखान्यात तंबाखू तोलायचे.
हे नव्हेत ते.

सहाला दिवे मालवायचे असतात.
पावणेसातला तिनं यादी मिटवली,
एकेचाळीसातून नऊ ठेवून.
त्या चौघांपैकी एकच राहिला,
तोही कशासाठी, ते तळटिपेत स्पष्ट लिहून.
नरसय्याचं अजून ठरलं नव्हतं.

दाराशी बोअरचा नळ आहे.
बाटली भरली, एक घोट घेतला,
आणि तो तोंडात तसाच धरून
ती उभी राहिली.
मी कुलूप हातात घेऊन थांबलो.
तिनं पिशवीतून वही काढली,
भिंतीला टेकवून आधी तारीख लिहिली,
मग: उन्हाळा.
मग घोट गिळला.